माझ्या मताचं वजन नारायण पेठेत वेगळं, वाकडला वेगळं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : विधानसभा मतदारसंघांची फेररचना

मी एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या ____ आहे’ ही रिकामी जागा माझ्या किती विद्यार्थ्यांनी भरली असेल, त्याची मोजदाद नाही. २८८ लिहिलं की एक गुण. पण त्या २८८ जागांत आपलं राज्य कसं वाटलं गेलं आहे, हे मी कधी फळ्यावर मांडलं नाही. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं आणि मलाही ते कधी टोचलं नव्हतं. टोचलं ते घर बदलल्यावर.

आमचं सासर नारायण पेठेतलं. २०१९ पर्यंतची माझी सगळी मतदानं पेठेतच झाली. २०२१ मध्ये मुलाने वाकडला घर घेतलं आणि आम्ही दोघं तिकडे राहायला गेलो. मतदार यादीतलं नावही हलवून घेतलं. थोरल्या जाऊबाई मात्र पेठेतच राहिल्या. मग दोन्हीकडच्या आमदारांच्या निधनामुळे कसबा पेठ आणि चिंचवड अशा दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी, २६ फेब्रुवारी २०२३ रोजी आल्या. रविवार होता. जाऊबाईंनी कसब्यात मत दिलं, मी चिंचवडमध्ये. संध्याकाळी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे दुप्पट मतदार आहेत म्हणे.” दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून पाहिलं. कसब्यात सुमारे पावणेतीन लाख मतदार, चिंचवडमध्ये साडेपाच लाखांच्या वर. दोन्हीकडून निवडून जाणार एकेकच आमदार.

म्हणजे पेठेत असताना माझं जे मत होतं, ते मुळा नदी ओलांडल्यावर निम्म्यावर आलं. याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सभागृहात हे कसं उतरतं ते पाहा. विधानसभेत बहुमताला १४५ लागतात. कसब्याचा आमदार हात वर करतो तेव्हा एक मोजला जातो, चिंचवडचा करतो तेव्हाही एकच. सरकार टिकणार की पडणार, हे याच सभागृहात ठरतं. राज्याच्या पैशाचा शेवटचा शब्दही इथलाच असतो. धन विधेयक फक्त विधानसभेतच मांडता येतं, विधान परिषद ते फार तर चौदा दिवस ठेवून घेऊ शकते. परिषदेच्या ७८ जागा वेगळ्याच वाटेने भरतात. शिक्षक म्हणून मी पुणे विभाग शिक्षक मतदारसंघात पसंतिक्रम लिहून मत द्यायचे, तो मतदारसंघ पुण्यापासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला. पण सर्वसामान्य माणूस सरळ मत देऊन पाठवतो तो विधानसभेचा आमदार. म्हणूनच त्या एका हातामागे किती माणसं उभी आहेत, याला महत्त्व आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७० मध्येच म्हटलं आहे की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण राज्यभर शक्य तितकं सारखं असावं. मूळ योजना अशी होती की दर जनगणनेनंतर हे प्रमाण पुन्हा जुळवून घ्यायचं. राज्य झालं त्यानंतरच्या पहिल्या, १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागा होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८. हा शेवटचा आकडा १९७१ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी होती, २०११ मध्ये ती सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली. जागा मात्र तेवढ्याच.

वाढ थांबली ती १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. पुढे २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने या बंदीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. कारण समजण्यासारखं आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांच्या लोकसभेतल्या जागा कमी होऊन त्यांनाच शिक्षा व्हायला नको. पण हे कारण राज्याराज्यांतल्या वाटपाला लागू पडतं. नारायण पेठ आणि वाकड यांच्यातल्या वाटपाशी त्याचा काय संबंध? २८८ ला हात न लावताही आतल्या सीमा बदलता येतात. एकदा तसं झालंही. २००१ च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि २००९ ची निवडणूक त्यावर झाली. २०११ ची जनगणना झाल्यावर मात्र कुणी नकाशा उघडला नाही, आणि २०२१ ची तर झालीच नाही.

२००९ च्या आधीची यादी आठवा. भवानी पेठ आणि बोपोडी असे मतदारसंघ होते. पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता. पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग हवेलीत मोडायचा आणि हवेली राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. फेररचनेत भवानी पेठ आणि बोपोडी गेले, पर्वती खुला झाला, पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी राखीव झाले, चिंचवड आणि भोसरी नव्याने आले. पेठांनी आपल्या जागा सोडल्या आणि वाढणाऱ्या गावांना त्या मिळाल्या. तेव्हा ते योग्यच झालं. सुमारे सव्वातीन लाख लोकसंख्येमागे एक आमदार, अशी २००१ ची राज्याची सरासरी होती, ती धरूनच ही वाटणी झाली.

पण त्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाख होती, दहा वर्षांनी ती सतरा लाखांवर गेली. वाकड-ताथवड्यात शेतं होती तिथे आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. हडपसर आणि खडकवासलासुद्धा २०२४ मध्ये पाच लाख मतदारांच्या पुढे होते. पेठांमध्ये मात्र जुने वाडे पडताहेत, मुलं माझ्या मुलासारखी नदीपलीकडे जाताहेत.

आणखी एक गोष्ट मला वाकडला आल्यावरच कळली. मुलाचं ऑफिस हिंजवडीला, आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. पण हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, म्हणून तिथला विधानसभा मतदारसंघ भोर. राजगड आणि तोरणा ज्या मतदारसंघात, त्याच मतदारसंघात आयटी पार्क! पावसात त्या रस्त्यावर पाणी भरतं आणि मुलगा दोन-दोन तास अडकतो तेव्हा रस्त्याच्या एका बाजूने चिंचवडच्या आमदाराकडे जायचं आणि दुसऱ्या बाजूने भोरच्या. लोकसभेलाही तोच घोळ. चिंचवड मावळमध्ये, म्हणजे पनवेल-उरणबरोबर. भोर बारामतीत. खडकवासलाही बारामतीत, हडपसर शिरूरमध्ये. पुणे शहराच्या नावाने जे आठ विधानसभा मतदारसंघ सांगतात, त्यातले सहाच पुणे लोकसभेत येतात. आमच्या सोसायटीत विचारून पाहिलं, दहापैकी चार जणांना स्वतःच्या मतदारसंघाचं नाव नीट सांगता आलं नाही. ही त्यांची हेळसांड आहे असं मला वाटत नाही. असा नकाशा डोक्यात बसणारच नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला चांगली ठाऊक आहे, कारण माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. २८८ तेवढेच ठेवून पुणे-ठाण्याला जागा वाढवायच्या तर त्या कुठूनतरी काढाव्याच लागतील. रत्नागिरी जिल्ह्यात आज पाच जागा उरल्या आहेत, सिंधुदुर्गात तीन. कसब्याचा आमदार आपला मतदारसंघ एका सकाळी पायी फिरून येईल. राज्याच्या मतदारसंघांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आमदाराला सातपुड्यातल्या पाड्यांवर पोचायलाच दिवस जातो. तिथे नुसतं डोकी मोजून सीमा ओढणं अन्यायाचं होईल, आणि डोंगर, दळणवळण यांचा विचार करायला कायद्यात जागाही आहे. पण कसबा आणि चिंचवड यांच्यामध्ये कुठला घाट आहे? एकाच महानगरातल्या दोन शहरी मतदारसंघांत दुपटीचा फरक राहू देण्याला भूगोलाचं कारण देता येत नाही. निवडणूक खर्चाची मर्यादा दोन्हीकडच्या उमेदवाराला सारखीच, ४० लाख रुपये. आमदार निधी सारखाच. विधिमंडळात प्रश्न विचारायचा अधिकारही सारखाच. मग चिंचवडच्या मतदाराला प्रत्येक गोष्टीतला अर्धाच वाटा मिळतो.

हे आत्ताच लिहायचं कारण सांगते. १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांत महिलांना एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत, त्याही जनगणना आणि फेररचना झाल्यावरच अमलात येणार असं त्या दुरुस्तीत लिहिलेलं आहे. २८८ मधल्या ९६ जागा. २०१९ ला आणि २०२४ लाही या सभागृहात बायकांना दहा टक्केसुद्धा जागा मिळाल्या नाहीत, त्यामुळे या फेररचनेकडे माझे डोळे दुहेरी लागले आहेत.

मागच्या वेळच्या फेररचना आयोगाच्या कायद्यात प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण नकाशा तयार होत असताना ते खोलीत होते. सामान्य मतदाराला एकच दार होतं : मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना पाठवायच्या आणि जाहीर सुनावणीला जायचं. त्या सुनावणीला मी गेले नाही. गेलेलं कुणी माझ्या ओळखीत नाही. मसुदा कधी आला तेच कळलं नव्हतं. आणि एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयात जाऊन काही हाती लागणं फार अवघड, कारण घटनेनेच या बाबतीत न्यायालयांचा हात आखडता ठेवला आहे.

कॅम्पातल्या कौन्सिल हॉलवरून आपण सगळेच जातो. मुंबई प्रांताची विधानसभा १९ जुलै १९३७ रोजी पहिल्यांदा भरली ती तिथे, आपल्या पुण्यात. तेव्हा मताला मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट होती, माझ्या आजीला ते मत नव्हतं. नंतर सगळ्यांना मिळालं, एकाला एक. ते तसंच, एकाला एकच राहावं एवढी माझी मागणी आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की पुढची फेररचना सुरू होईल तेव्हा मसुद्याची तारीख, हरकती पाठवण्याची शेवटची तारीख आणि सुनावणीची जागा आपल्या पत्राने पहिल्या पानावर ठळक छापावी. पुणे जिल्ह्यातल्या २१ मतदारसंघांचा नकाशा, प्रत्येकाच्या मतदारसंख्येसह, शक्य असेल तर आत्ताच छापावा. मी तो आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर लावीन. सुनावणीला जाऊबाई माझ्याबरोबर यायला तयार आहेत. त्यांच्या कसब्याची हद्द वाढवावी लागली तरी त्यांची हरकत नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
वाकड, पुणे