ऑरेंज म्हणजे आपला संत्रा नव्हे हो!

संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या जोड्या येतात, आमचा नातू त्या कापून वहीत चिकटवतो. मागच्या रविवारी छापलं की ऑरेंज आणि मॅन्डरिन, दोन्हींचा अर्थ संत्रा. तिथेच घोळ झाला, आणि तोही नागपूरच्या पेपरात!

माझी मुलगी लंडनला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुकानातून ऑरेंजची जाळी घेऊन आली आणि मला व्हिडीओ कॉल, म्हणे आई साल निघूनच नाही राहिली, नखं दुखली माझी, हे तर मोसंबीसारखं लागते. लागणारच ना, मोसंबीच्याच जातीचं ते! आपले कृषी विद्यापीठवालेसुद्धा मोसंबीला स्वीट ऑरेंजच म्हणतात. सैल सालीचा, फोडी पटकन सुट्या होणारा आपला नागपुरी संत्रा शास्त्राच्या हिशोबाने मॅन्डरिन. तिकडे पाटीवर मॅन्डरिन नाहीतर ईझी पीलर लिहिलेलं असते, ते आणलं तेव्हा कुठे पोरीचं समाधान झालं. (आपल्या कळमना बाजारातल्या मालाची सर नाही म्हणे, ते तर आहेच.)

आणखी ऐका. ऑरेंज हे फळ झालं मॅन्डरिन आणि पपनसाच्या संकरातून, म्हणजे आपला संत्रा मोसंबीच्या बापाच्या जागी, आणि आपण बापाला पोराच्या नावाने हाका मारून राहिलो! शब्द पाहाल तर दोन्ही मूळचे आपल्याकडचे. संस्कृत नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि ऑरेंज होऊन परत आला. मॅन्डरिन आलं मंत्री या शब्दावरून, मलय आणि पोर्तुगीज भाषांचा वळसा घेऊन, आधी चीनमधल्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी, मग फळासाठी.

आता 2014 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तोही नागपूर ऑरेंज या नावानेच, इथल्या इंग्रजीत ते चालते, बदला असं मी म्हणत नाही. ऑरेंज सिटीऐवजी नागपूरला मॅन्डरिन सिटी म्हटलं तर चायनीजच्या गाडीचं नाव वाटेल. पण लेकरांच्या शब्दजोडीत तरी फरक नीट लिहा. आणि ज्यूसवाले बोर्डावर मोसंबीला स्वीट लाईम लिहितात, लाईम म्हणजे तर लिंबू, त्यावरही एक रविवार द्या.

नातवाला सांगून ठेवलंय, ते कात्रण अजून चिकटवू नको.

– एक वाचक आजी, धरमपेठ, नागपूर