लसीची अट आणि यादीतला नंबर

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तिकडे तुझी रात्र झाली होती आणि इकडे माझ्या डायलिसिस युनिटमध्ये सकाळची शिफ्ट सुरू होत होती. तुझा राग मला कळला, पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

तुझ्या दिराचं नाव कॅडेव्हर किडनीच्या, म्हणजे मेंदूमृत माणसाकडून मिळणाऱ्या किडनीच्या, यादीत घालायचंय आणि हॉस्पिटलने सांगितलंय, आधी लसी पूर्ण करा. तू म्हणालीस, "माणूस आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपतोय आणि ह्यांना लसीचे कागद हवेत! आमच्या इथे त्या बाईचं काय झालं, ते बघितलंय मी."

तुमच्या कॅनडातल्या, अल्बर्टा प्रांतातल्या त्या बाईंबद्दल मी जेवढं मिळालं तेवढं वाचलंय. फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार, प्रत्यारोपणाशिवाय इलाज नाही. 2020 मध्ये त्यांचं नाव यादीत गेलं. लहानपणच्या लसींची नोंद सापडेना, म्हणून त्यांनी त्या सगळ्या पुन्हा टोचून घेतल्या. ही गोष्ट फार जण सांगत नाहीत, पण मला ती महत्त्वाची वाटते, कारण ही बाई सरसकट लसीच्या विरोधात नव्हती. 2021 मध्ये कोविडची लसही हवी असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र त्या अडल्या. प्रकरण कोर्टात गेलं. जुलै 2022 मध्ये निकाल लागला की हा डॉक्टरांचा वैद्यकीय निर्णय आहे, मूलभूत हक्कांची सनद त्याला लागू होत नाही. नोव्हेंबरमध्ये अपिलातही तेच झालं, जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

तू विचारलंस, तुझं मत काय? स्पष्ट सांगते. 2021 मध्ये मी त्यांच्या प्रत्यारोपणाच्या टीममध्ये असते तर मीही लस मागितली असती. आणि 2023 मध्ये असते तर टीमपुढे म्हटलं असतं की ह्या अटीचा आता पुन्हा विचार करूया.

पहिल्याचं कारण आधी सांगते. प्रत्यारोपण झालं की शरीराने नवा अवयव परका म्हणून झिडकारू नये, यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड अशी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. ती प्रतिकारशक्तीच दाबतात. मग साधी कांजिण्यांची लागणही जिवावर बेतू शकते. कोविडच्या पहिल्या लाटेत हॉस्पिटलात दाखल झालेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांपैकी साधारण पाचातला एक दगावला, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं. त्यात आणखी एक अडचण. ही औषधं सुरू झाल्यावर लस दिली तर ती नीट लागू पडत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रत्यारोपण झालेले 658 जण तपासले, तर दोन डोस होऊनही 46 टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्याच नाहीत. आणि कांजिण्या, गोवर यांच्यासारख्या जिवंत विषाणूच्या लसी तर प्रत्यारोपणानंतर देताच येत नाहीत. त्या किमान चार आठवडे आधी व्हायला लागतात. कॅडेव्हर किडनीचा फोन येतो रात्री अडीच वाजता, "चार तासांत पोचा" म्हणून. त्या वेळी लसीचा विचार करायला सवड कुठली? म्हणून नाव घालतानाच मागे लागावं लागतं.

दुसरं, तो अवयव येतो कुठून हे मला विसरता येत नाही. आयसीयूच्या बाहेर कुणाची तरी आई, कुणाचा तरी नवरा उभा असतो. मेंदूमृत्यू म्हणजे काय हे त्यांना पुरतं उमगलेलंही नसतं आणि त्या घटकेला ते "हो" म्हणतात. 2023 मध्ये अख्ख्या भारतात असं "हो" म्हणणारी घरं जेमतेम अकराशे होती. एवढ्या मोठ्या देशात अकराशे. म्हणून मिळालेली किडनी वर्षानुवर्षं टिकावी यासाठी जे जे करता येईल ते करणं हे त्या घरांचं देणं आहे, असं मी मानते.

पण म्हणूनच अट सतत तपासत राहायला हवी. 2023 पर्यंत विषाणू बदलला होता, जवळजवळ सगळ्यांना एकदा तरी लागण होऊन गेली होती. त्या बाईंनीही स्वतःच्या खर्चाने तपासण्या करून आपल्या अंगात प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल पुढे केला होता. त्या अहवालावर शास्त्र म्हणून वाद घालता येईल, घालावाही. पण दोन वर्षांपूर्वीचा नियम आहे म्हणून दार बंद, हे मला पटत नाही. लस ही काही आज्ञाधारकपणाची परीक्षा नाही. धोका किती आणि तो कमी कसा करता येईल, एवढाच प्रश्न असायला हवा. माणूस हटवादी वाटला, उद्धट वाटला, तरी तो प्रश्न बदलत नाही.

आता तुझ्या दिराकडे येते, कारण त्याची गोष्ट त्या बाईंहून अगदी वेगळी आहे आणि तू दोन्हींची गल्लत करतेयस. तिकडे लस फुकट होती, हाताशी होती आणि बाईंना ती नको होती. इकडे माझ्यासमोर येणाऱ्या माणसाला लस हवी असते, पण त्याला ती कुणी सांगितलेली नसते, परवडत नसते किंवा वेळेवर मिळत नसते. माझा सगळा संताप ह्या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

हेपॅटायटिस बीचंच घे. देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमातून मिळायला लागली 2011 मध्ये. म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीतला जो माणूस माझ्याकडे डायलिसिसला येतो, त्याला ती लहानपणी मिळालेली असणं कठीणच. त्यात किडनी गेलेल्या माणसाला ती नेहमीच्या मात्रेत पुरत नाही. दुप्पट द्यावी लागते, चार वेळा: आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. आम्ही ती मशीन लावायच्या आधीच देतो, कारण एकदा हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, गेलं की सुईच्या जागचं रक्त थांबायला वेळ लागतो. आणि फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी, ज्या हातावर आहे त्या हाताला हात लावायचा नाही. डाव्या हातावर फिस्टुला असेल तर उजव्या दंडावर. पेशंटला स्वतःला हे इतकं पाठ असतं की नवी सिस्टर आली तर तोच आधी बाही वर करून दंड पुढे करतो. एवढं सगळं केल्यावर रक्त तपासून टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, बघायचा. तो दहाच्या वर गेला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणजे नुसत्या एका लसीला सहा-सात महिने. डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात पहिला डोस दिला असता तर यादीत नाव घालायच्या वेळी सगळं झालेलं असतं. पण तुझ्या दिराला पहिलं वर्ष ज्या सेंटरवर डायलिसिस दिलं, तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. आता हे हॉस्पिटल म्हणतंय, पूर्ण करून या. चूक त्यांची नाही, मागणी बरोबर आहे. पण गेलेलं वर्ष तुझ्या दिराच्या पदरी पडलं, ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्या नाही.

आणि पैसे. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, फार चांगलं झालं. पण न्यूमोनियाची लस, कांजिण्यांची लस, ह्या मोठ्यांसाठी सरकारी कार्यक्रमात नाहीत. माझ्यासमोर येणारे बहुतेक जण त्या मेडिकलमधून विकत आणतात, एकेक काही हजारांच्या घरात. ज्या घरातला कमावता माणूस आठवड्याचे तीन दिवस मशीनवर आहे, त्या घराने हे कुठून आणायचं? बायका तर स्वतःच्या लसीचं नावच काढत नाहीत. देशात 1995 ते 2021 या काळात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29 हजारांहून अधिक पुरुषांची होती, बायकांची सात हजारांच्या आत. किडनी देताना मात्र आई आणि बायको पुढे असतात. घरात आधीच अशी रांग लागलेली असते, त्यात लसीच्या खर्चाची भर पडली की मागे कोण राहणार हे सांगायला नको.

कोविडच्या वेळचं एक सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते नीट कळेल. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. त्या आजारांच्या सरकारी यादीत डायलिसिसवर असलेले होते, किडनी आणि लिव्हरच्या प्रतीक्षायादीतलेही होते. कुणीतरी विचार करून ती ओळ लिहिली होती. पण माझ्याकडे करमाळ्याकडचा एक मुलगा होता, तिशीच्या आतला, शेती करणारा. आजार तोच, मशीन तेच, पण वय बसेना. 1 मेला अठराच्या पुढच्यांना परवानगी मिळाली, तर लसीच्या नोंदणीच्या कोविन ॲपवरचे स्लॉट उघडल्या उघडल्या संपत होते आणि ॲप तेव्हा इंग्रजीतच होतं. आम्ही सिस्टर लोक डबा खायच्या वेळेत आपापल्या फोनवरून पेशंटसाठी स्लॉट धरायचो. त्या मुलाला उशिरा का होईना, लस मिळाली. ज्यांच्यासाठी फोन धरून बसायला कुणीच नव्हतं, त्यांचं काय झालं असेल? अशा माणसाला "लस नाही म्हणून नाव तात्पुरतं निष्क्रिय" असं सांगणं आणि तुमच्याकडच्या बाईंना सांगणं, ह्या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. आजही कुठलंही हॉस्पिटल अट घालत असेल, तर त्याने आधी हे दाखवावं की लस पेशंटच्या खाटेपर्यंत आम्ही नेली होती, पैशांचीही सोय लावली होती. त्यानंतरही माणूस नाही म्हणाला, तर बसून बोलावं, पुन्हा पुन्हा बोलावं.

बरं, आता करायचं काय ते. तू तिकडून हॉस्पिटलवाल्यांशी भांडू नकोस, त्याने दिराचंच नुकसान होईल. त्यांना तीन गोष्टी विचारायला सांग. हेपॅटायटिस बीचे डोस चालू असताना यादीत नाव घेता येतं का? बऱ्याच ठिकाणी डॉक्टर तयार होतात, पण तोंडाने विचारावं लागतं. कांजिण्यांची अँटिबॉडी तपासली का? लहानपणी येऊन गेल्या असतील तर ती लस लागणारच नाही, उगाच खर्च नको. आणि पहिल्या सेंटरवरची फाइल मागवली का? कुठेतरी एखादा डोस लिहिलेला सापडला तर तेवढं अंतर वाचेल. त्या सेंटरने फाइल द्यायला टाळाटाळ केली तर मला कळव, मी फोन करते.

तुझी जाऊ किडनी द्यायला तयार आहे असं तू ओझरतं बोललीस. रक्तगट जुळतो का ते तिने तपासलंय का? तिचंही रक्त, तिच्याही लसी बघायला हव्यात आणि ती मनापासून तयार आहे की सगळे बघतायत म्हणून, हे तिला कुणीतरी एकटीला गाठून विचारायला हवं. ते तू विचार. तुझ्याशी ती खरं बोलेल.

रिपोर्टचे फोटो पाठव, मी आमच्या डॉक्टरांना दाखवून ठेवते.

तुझी,
मंगल