सोयाबीनचे वायदे बंद ठेवून काय साधले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनच्या वायदेबंदीवर आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. वायदा म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणारा सौदा. सटोडियांचा बंदोबस्त झाला ते बरेच झाले, असा बहुतेकांचा सूर दिसतो. सटोडियांविषयी मलाही ममत्व नाही. पण २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारांच्या नियंत्रकाने, सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगरबासमती भात, मूग आणि कच्चे पामतेल यांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. त्यातून कोणाच्या पदरात काय पडले, हे कोणीच विचारत नाही.

जरा तारखा पाहा. सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली, मागोमाग नवा माल आला आणि भाव घसरला. बंदीचा आदेश निघाला तेव्हा ती तेजी ओसरलेली होती. खाद्यतेल खरे भडकले ते बंदीनंतर, २०२२च्या उन्हाळ्यात. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली. आपली निम्म्याहून अधिक गरज आयात तेलावर भागते. त्याचा भाव क्वालालंपूर आणि शिकागोच्या वायदे बाजारांत ठरतो, आणि तिथले सौदे मुंबईतून निघालेल्या आदेशाने थांबत नाहीत.

२०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले. तेव्हा तर देशात सोयाबीनचा एकही वायदा चालू नव्हता. मग भाव पाडला कोणी? जगभर माल मुबलक होता, पेंडीला उठाव नव्हता, हे उत्तर प्रत्येक आडत्याला ठाऊक आहे. मोठा तेल गिरणीवाला शिकागोचे आकडे बघून खरेदी ठरवतो. दोन एकरवाला शेतकरी वायद्यात कधी उतरला नाही, बहुधा उतरणारही नाही. पण चार महिन्यांनंतरचा भाव त्यालाही मोबाइलवर दिसत होता, माल आज काढायचा की ठेवायचा हे त्यावरून ठरवता येत होते. बंदीने नेमके तेवढेच त्याच्याकडून गेले.

बंदीची ही सवय जुनी आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या कापूस तेजीत मुंबई वेडी झाली आणि १८६५ मध्ये आपटली, तरी दहा वर्षांनी त्याच मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहून वायद्यांना शिस्त लागू लागली. १९५२ मध्ये वायद्यांचा कायदा झाला, १९५३ मध्ये त्यांवर देखरेख करणारा वायदे बाजार आयोग आला. साठच्या दशकात टंचाई आली आणि बहुतेक मालांचे वायदे बंद झाले. सट्टा मात्र बंद झाला नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या आकड्यांवर पैसे लावणारी मुंबई पुढे मटक्याच्या, म्हणजे मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर लावू लागली, हे काय सांगायला हवे! वायदे पुन्हा मोकळे व्हायला २००३ उजाडले. चार वर्षांत तूर, उडीद, गहू, तांदूळ परत बंद. त्यानंतर सरकारने नेमलेल्या, अर्थतज्ज्ञ अभिजित सेन यांच्या समितीलाही, वायद्यांमुळेच महागाई वाढली असे ठामपणे म्हणता आले नाही.

वायदेवाले म्हणतात तसे बाजाराला मोकाट सोडा, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. हजर बाजाराच्या, म्हणजे रोखीने लगेच माल घेण्या-देण्याच्या, नावाखाली तिथे एकाच वेळी खरेदी आणि पंचवीस दिवसांनंतरची विक्री असे जोडसौदे चालत. व्यवहार व्याजबट्ट्याचा आणि पाटी मालाची. पैसे थकल्यावर गोदामे उघडली, तर कागदावरचा बराचसा माल जागेवर नव्हता. या बाजाराला २००७ मध्येच कायद्यातून सूट मिळाली होती. वायदे बाजार आयोगाला स्वतः दंड करण्याचाही अधिकार नव्हता. तो आयोग सप्टेंबर २०१५ मध्ये सेबीत विलीन झाला, म्हणजे दात असलेला नियंत्रक आपल्याला मिळाला. तो मिळाल्यावरही बाजारालाच कुलूप घालायचे असेल, तर विलीनीकरण केले कशासाठी?

सोयाबीनचे वायदे सुरू करावेत. डिलिव्हरी, म्हणजे मुदत संपल्यावर प्रत्यक्ष माल देणे, सक्तीची ठेवावी, एका व्यापाऱ्याने किती सौदे धरावेत याची मर्यादा कडक करावी, अडवणूक दिसली तर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरायची अनामत, वाढवावे आणि लातूर-अकोल्याच्या गोदामांत न सांगता जाऊन पोती मोजावीत. आणि मुदतवाढच द्यायची असेल, तर बंदीच्या काळात भाव किती उतरले आणि ते कशामुळे, याचा हिशेब सेबीने आदेशासोबत छापावा.

आपला,
एक वाचक, लातूर