बाबान दिल्यान, मिया घेतलंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिले होते की, ‘लहान मुलासारखे व्हा’ असे सांगणारा धर्म माणसाची विचारशक्ती मारतो. पत्र मी दोनदा वाचले. राग आला नाही, पण ते मनातून जाईना. मी ख्रिस्ती आहे, मालवण तालुक्यात देवबागला राहते. प्राथमिक शाळेत ३५ वर्षे पहिली-दुसरीची मुले शिकवली आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, पहिल्या कम्युनियनच्या (मुलाने पहिल्यांदा पवित्र भाकर स्वीकारण्याच्या विधीच्या) तयारीचा वर्ग अजूनही घेते. माझा जन्म लहान मुलांतच गेला, म्हणून या विषयावर लिहायचा मला थोडा हक्क आहे असे वाटते.

मुले निरागस असतात म्हणून येशूने त्यांचे उदाहरण दिले, असा सर्वांचा समज. वर्गात वावरलेल्या कुणालाही हे पटणार नाही. मुले पेन्सिली लपवतात, चिमटे काढतात, रडून खोटे बोलतात. मग येशूने त्यांच्यात पाहिले तरी काय? मला ते पुस्तकातून कळले नाही, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यापाशी, कळले.

काही वर्षांपूर्वी माझ्या रविवारच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. बाप रापणीवर जाणारा. मुलाचे पाठांतर कच्चे. तोंडी परीक्षेत प्रेषितांचा विश्वासांगीकार (आमच्या श्रद्धेचे सार सांगणारी प्रार्थना) म्हणताना तो मध्येच अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा त्याच जागी अडकला. मी त्याला सांगितले, “पुढच्या वर्षी ये.” तो काही बोलला नाही. चपला हातात घेऊन वाळूतून घरी गेला.

त्याच आठवड्यात एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळे समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढतात. दोन रांगा, वाळूत रुतवलेल्या टाचा, बाया-पुरुष सगळे दोरीला. हिंदू, ख्रिस्ती असा भेद त्या दोरीला माहीत नाही. त्या रांगेच्या शेवटी बापाच्या मागे हा पोरगा दोरीला हात लावून उभा. ओढत कसला होता, दोरीच त्याला ओढत होती. जाळे वर आले, वाटे पडले. बापाने आपल्या वाट्यातले पाच-सहा बांगडे त्याच्या सदऱ्याच्या ओट्यात टाकले. मी जवळच होते. विचारले, “काय रे, तू खंय ओढलंस? मगे ह्ये तुका कशे?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू बाईंना एवढेही कळत नाही.

“बाबान दिल्यान, मिया घेतलंय.”

आणि ओटा सांभाळत घराकडे पळाला. ओल्या सदऱ्यातून पाणी गळत होते. एक बांगडा पडला तो त्याने वाकून उचलला, वाळू न झटकताच परत ओट्यात टाकला.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू म्हणतो की देवाचे राज्य जो बालकासारखा स्वीकारत नाही त्याचा त्यात प्रवेश होणार नाही. मी ते वाक्य शेकडो वेळा शिकवले होते. ‘स्वीकारणे’ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. येशूकडे आणलेल्या मुलांना शिष्य हाकलत होते, कारण मुलांना कसलाच मान नव्हता, त्यांच्यापाशी द्यायला काही नव्हते. येशू शिष्यांवर रागावला आणि त्याने मुलांना कवेत घेतले. मीही त्या शिष्यांसारखीच दारात उभी राहून एकाला परत पाठवले होते. संध्याकाळी फादरांकडे जाऊन ही चूक सांगितली. मे महिन्यात पहिल्या कम्युनियनला तो पोरगा पांढरा सदरा घालून पहिल्या बाकावर बसला होता. विश्वासांगीकार त्याला तेव्हाही पुरता आला नाही.

आता विचारशक्तीचे. संत पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिले आहे की दुष्टपणाच्या बाबतीत मुलांसारखे असा, समजुतीत मात्र प्रौढ व्हा. म्हणजे अक्कल गहाण टाकायला आम्हाला कुणी सांगितलेले नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेझा १८७३ साली जन्मली आणि १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. श्रीमंतांच्या घरी तेव्हा नुकत्याच लिफ्ट आल्या होत्या. ती म्हणे, पूर्णत्वाचा जिना चढायला मी फार लहान आहे, येशूचे हात हीच माझी लिफ्ट. या ‘छोट्या वाटे’बद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये तिला चर्चच्या आचार्यांमध्ये, म्हणजे ज्यांची शिकवण चर्च विशेष मोलाची मानते अशा संतांमध्ये, बसवले. पण शेवटचे वर्ष-दीड वर्ष तिच्या मनात स्वर्गाविषयी दाट अंधार होता, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या अंधारातही तिने देवाचा हात सोडला नाही. याला कुणी भाबडेपणा म्हणू नये.

मला स्वतःला एवढे साधत नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आले तेव्हा देवबागला आमच्या एका बाजूला समुद्र गर्जत होता, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. दिवे गेले, कौले उडू लागली. आई ८६ वर्षांची. मेणबत्ती लावून आम्ही दोघींनी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटला, आणि ती कुशीवर वळून चक्क झोपली. मी मात्र प्रत्येक आवाजाला उठून बसत होते. उजाडले तेव्हा मागच्या पडवीवर माड आडवा. आईने तो पाहिला आणि म्हणाली, “पडवी गेली. चल, कौला उचलूया.” पडवी राहील अशी हमी तिने देवाकडे मागितलीच नव्हती.

बायबलमधल्या स्तोत्र १३१ मध्ये दूध तोडलेल्या मुलाचा उल्लेख आहे. माझा जीव, म्हणतो तो कवी, आईपाशी असलेल्या दूध तोडलेल्या मुलासारखा शांत आहे. माझी दोन मुले मी वाढवली. दूध तोडल्यावर मूल चार रात्री आकांत करते. पाचव्या रात्री येऊन नुसते बिलगते. आता काही मिळणार नाही हे त्याला ठाऊक असते, तरी येते. तेव्हा त्याच्या श्वासाचा गळ्यावर लागणारा ऊबदारपणा मला अजून आठवतो.

जाता जाता आमच्या लोकांनाही एक विनंती. पहिल्या कम्युनियनला हॉल, डीजे, शंभर माणसांचे जेवण आणि त्यासाठी कर्ज, हे थांबवा. मुलांनी ते मागितलेले नाही.

आणि त्या पत्रलेखक गृहस्थांना निमंत्रण: नारळी पौर्णिमेनंतर रापणी सुरू होतील, तेव्हा देवबागला या. वाद घालायला नको. सकाळी किनाऱ्यावर उभे राहा, दोरीला हात लावा. ओढायला माणसे हल्ली कमीच पडतात, आणि वाटा तुम्हालाही मिळेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग