इथेनॉल, छोटी विमानं आणि माझे बाबा : मा. मुरलीधर मोहोळ यांना खुलं पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय सहकार व नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

सहकार आणि नागरी विमान वाहतूक ही दोन्ही खाती तुमच्याकडे आहेत, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. माझा प्रश्न नेमका या दोन खात्यांच्या बांधावरचा आहे : साखर कारखान्यांतलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि त्यामुळे छंद म्हणून उडवायची छोटी विमानं जमिनीवर अडकली आहेत.

माझे बाबा निवृत्त अभियंते. उभी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात झाली, पण जीव विमानात. कॉलेजात असताना ते पुष्पक उडवायला शिकले. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेलं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, पंखांवर ताणून बसवलेलं कापड. पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. त्या काळी फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान असायचं, म्हणून प्राथमिक शिक्षकाच्या मुलाला ते परवडलं. पुढे संसार, घराचं कर्ज, आमची शिक्षणं. उडणं थांबलं ते थेट निवृत्तीपर्यंत. मग त्यांनी पुन्हा अभ्यास केला, वैद्यकीय तपासणी करून घेतली आणि मित्रांसोबत एका मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानात, भागीदारी केली. आई म्हणते, त्या वर्षी त्यांचा रक्तदाबसुद्धा सुधारला.

या विमानाला रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. ते साध्या पेट्रोलवर चालतं, पण उत्पादकानं इथेनॉलची मर्यादा दहा टक्के घालून दिली आहे. आपल्या पंपांवर आता वीस टक्के मिश्रण मिळतं.

बाबांनी ते स्वतः तपासलं. बाल्कनीत काचेचं मोजपात्र घेतलं, शंभर मिलिलिटर पेट्रोल ओतलं, त्यात दहा मिलिलिटर पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. खाली पाण्याचा थर दहावर थांबायला हवा होता, तो तिसाच्या आसपास गेला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यानं ओढून घेतलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, वहीत आकडा लिहिला आणि मित्रांना फोन लावला. तेव्हापासून विमान हँगरमध्ये आहे.

भीती उगाच नाही. इथेनॉल रबरी नळ्या आणि काही टाक्यांचं फायबर खराब करतं, हवेतली ओल शोषतं. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून त्यात पाणी आहे का ते पाहण्याची पद्धत आहे. पण इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी डोळ्यांना दिसतच नाही. थंडीत वर गेल्यावर तेच पाणी वेगळं होऊ शकतं. गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. एक इंजिन असलेल्या विमानाला ती सोय नाही.

ॲव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचं खास पेट्रोल वापरा, असं सुचवलं जातं. चालतं ते; पण त्यातल्या शिशामुळे या इंजिनाचं तेल लवकर लवकर बदलावं लागतं, आणि लहान धावपट्टीवर चार माणसांसाठी बॅरल कोण आणून देणार? दुसरा पर्याय पंपावरच्या शंभर ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा, पण ते मोजक्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं.

साहेब, मी इथेनॉलच्या विरोधात नाही. माझं माहेर आणि सासर दोन्ही उसाच्या पट्ट्यातलं. इथेनॉलमुळे कारखान्यांना उसाचं बिल वेळेवर देता येतं, हे मी घरात पाहिलं आहे. ते वाढो. पण छंद म्हणून उडणाऱ्यांचा विचार धोरणात कुठेच नसतो, हे मला टोचतं. जेआरडी टाटांनी १९२९ साली वैमानिकाचा परवाना काढला तो उडण्याच्या वेडापायी. त्यानंतर तीन वर्षांनी ते कराचीहून टपाल घेऊन छोट्या पस मॉथमधून जुहूला उतरले, आणि देशाची विमानसेवा सुरू झाली. आज कमर्शियल परवान्यासाठी लाखो रुपये भरणाऱ्यांखेरीज इतरांकडे कोणी फारसं लक्ष देत नाही.

मागणं छोटं आहे. तुमच्या दोन्ही खात्यांच्या आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवा. नोंदणीकृत छोट्या विमानांना इथेनॉलविरहित पेट्रोल क्लबमार्फत मिळण्याची सोय करा. लागणारं इंधन देशाच्या खपात दिसणारसुद्धा नाही. आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाचं प्रमाण ठळक अक्षरांत लिहिणं बंधनकारक करा.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. पुढच्या वैद्यकीय तपासणीत ते पास होतील की नाही, कोण जाणे. म्हणून हा निर्णय या हिवाळ्याआधी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
पुण्यातल्या एका निवृत्त अभियंत्याची मुलगी