एल्फिन्स्टनची अर्धीच ओळख

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मुंबई इलाख्याच्या जुन्या गव्हर्नरांविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची ओळख त्यात ‘शिक्षणप्रेमी गव्हर्नर’ एवढ्यावरच आटोपली आहे. १८१९ ते १८२७ या त्याच्या कारकिर्दीत पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, कायद्याची संहिता तयार झाली, हे खरेच. पण हा माणूस मुळात वकिलातीच्या कामात मुरलेला होता आणि त्याच्यातला लेखकही त्याच कामातून घडला, हे लेखात कुठेच येत नाही.

१८०८ साली कंपनीने त्याला अफगाण दरबारी धाडले. अफगाण बादशहा शाह शुजाची भेट पेशावरला झाली, १८०९ च्या जूनमध्ये तहही झाला आणि त्यानंतर लवकरच शुजाची गादी गेली. एल्फिन्स्टनने काबूल शहर पाहिलेच नाही. तरीही व्यापारी, प्रवासी आणि दरबारी माणसे यांना खोदून खोदून विचारत त्याने टिपणे जमवली आणि पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, असताना, १८१५ साली, त्यांतून काबूलच्या राज्यावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ छापून आला.

माहिती काढण्याचे हेच कसब त्याने पुण्यात वापरले, फक्त इथे त्याची किंमत आपण मोजली. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला, तेव्हा साहेब वेरूळची लेणी पाहत होते. खुनाचा संशय दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर होता; साहेबांनी तेथूनच त्यांच्या अटकेचा लकडा लावला. डेंगळे हाती आले, ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ मध्ये निसटले (खिडकीखाली गाणे म्हणत बेत कळवणाऱ्या मोतद्दाराची गोष्ट बिशप हेबरनेही टिपून ठेवली आहे) आणि १८१७ च्या जूनमध्ये बाजीरावाला पुण्याचा तह मुकाट्याने पत्करावा लागला. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे एल्फिन्स्टनला बातम्या पुरवीत होती, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली आणि तिच्यात त्याची पुस्तके व कागद भस्म झाले. पेशवाई बुडवण्यात ज्याचा एवढा हात, त्याच्याबद्दल एवढ्या एका बाबतीत मात्र मला हळहळ वाटते.

माझा खरा आग्रह आहे तो जिंकलेल्या मुलखावर त्याने १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालाविषयी. पाटील, कुलकर्णी, वतने, पंचायत यांचे जे बारकाईचे वर्णन त्यात आहे, ते करताना पंचायतीचे दोष, दिरंगाई आणि वशिलेबाजी तो लपवत नाही. आणि तरीही, एवढे दोष असून हा मुलूख भरभराटीस आला होता व आमच्या, म्हणजे इंग्रजांच्या, अधिक नेटक्या राज्यातली काही दुखणी इथल्या रयतेला माहीत नव्हती, अशी कबुली देतो. राज्य नुकतेच जिंकलेल्या माणसाने वरिष्ठांना हे लिहून कळवावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्याने टिकवू पाहिलेली पंचायत पुढे इंग्रजी कचेऱ्यांपुढे टिकली नाही, हा भाग वेगळा.

निवृत्तीनंतर, १८४१ साली, त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. तो पानिपतापाशी, म्हणजे १७६१ शी थांबतो. ज्या प्रकरणात तो स्वतः पात्र होता, ते त्यात नाही. मराठ्यांचा सलग इतिहास लिहिण्याचे काम साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने केले, त्यालाही एल्फिन्स्टनचे प्रोत्साहन होते. त्यामुळे या मुलखाविषयी त्याचे मत जाणून घ्यायचे तर तो अहवालच हाती घ्यावा लागतो. आपल्या रविवारच्या पुरवणीत त्यातला गावकीवरचा भाग मराठीतून क्रमशः द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक, सातारा