वहिनी, जावा शिकवलंस त्याबद्दल

प्रिय वहिनी,

नणंदेनं भावजयीचं जाहीर कौतुक करायचं, हे आपल्या ओव्यांत फारसं बसणारं नाही. तरी हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. आमच्या पतसंस्थेतल्या निम्म्या लोकांनी मला विचारून झालंय, बी.कॉम. झालेल्या आणि इतकी वर्षं काउंटरवर काढलेल्या बाईला जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा कुणी शिकवली? कुठला क्लास लावला, फी किती, सर्टिफिकेट मिळतं का? हिंजवडीहून दमून घरी येणारी एक भावजय आहे, असं सांगितलं की त्यांना वाटतं मी टाळतेय. म्हणून एकदाच सविस्तर.

तुझ्याकडे यायच्या आधी मी बरेच व्हिडिओ पाहिले होते. सगळीकडे तेच: जावातला क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेला मोदक. मला ते समजलं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. तू ऐकून म्हणालीस, "मोदक साच्यातून निघाला की त्याचं काम संपलं, तो फक्त खायचा. ऑब्जेक्टचं काम तिथून सुरू होतं." स्वतःची माहिती सांभाळायची, सांगितलेलं काम करायचं आणि नियमात बसत नसेल तर नाही म्हणायचं. हे शेवटचं मला कुठल्याच व्हिडिओत भेटलं नव्हतं.

मग तू लॅपटॉप बाजूला ठेवलास आणि मलाच विचारायला लागलीस. तुमच्याकडे खातेदाराची शिल्लक कोण बदलतं? मी म्हटलं, असं कुणी उठून बदलत नाही. स्लिप येते, कॅशियर बघतो, रक्कम मोठी असेल तर साहेब पास करतात, किर्दीला नोंद पडते, तिथून खतावणीला जाते. तू म्हणालीस, "झालं की मग. शिल्लक प्रायव्हेट, आणि तिच्यापर्यंत जायला जमा आणि काढा एवढे दोनच दरवाजे." माहिती अशी आत झाकून ठराविक दरवाज्यांनीच बदलू देण्याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात, पण तो शब्द तू नंतर बऱ्याच दिवसांनी उच्चारलास. तोवर मला तो पाठ करायची गरजच उरली नव्हती. कॉलेजात आधी ऑब्जेक्टवाल्या प्रोग्रामिंगच्या चार खांबांच्या, म्हणजे मूळ तत्त्वांच्या, व्याख्या पाठ करून घेतात आणि मग कुत्रा-मांजर प्राण्यापासून कसे इनहेरिट होतात, म्हणजे त्याचे गुण वारशानं कसे घेतात, ते शिकवतात. तो क्रम उलटा आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. कुत्र्याच्या भुंकण्याचा हिशोब कुणाला लागतो?

पहिला क्लास तू मला मराठीत लिहायला लावलास, हे सांगितलं की लोक थक्क होतात. खुद्द जावाचे शब्द इंग्रजीच राहतात, पण आपण दिलेली नावं देवनागरीत चालतात. क्लासचं नाव खाते, आत शिल्लक, मेथड (म्हणजे त्याला सांगता येणारी कामं) दोन, जमा आणि काढा. कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली, तो भाग वेगळा. पुढं तू इंग्रजी नावांवर आणलंस, कारण ऑफिसातला कोड चार प्रांतांतली माणसं वाचतात. पण इंग्रजी येत नाही म्हणून प्रोग्रामिंग येणार नाही, ही भीती पहिल्याच संध्याकाळी गेली.

आणि प्रोग्राम जिथून सुरू होतो ती लांबलचक ओळ! पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन आणि कंसात ती स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, भानगड. तू सांगितलंस, आता फक्त लिही, अर्थ नंतर. स्टॅटिकचा अर्थ कळायला आधी ऑब्जेक्ट कळावा लागतो, आणि ऑब्जेक्ट शिकायला सुरुवातच त्या ओळीनं करावी लागते, ही जावाची जुनी गोची. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ही भाषा बाहेर आणली, तेव्हापासून शिकणारे तिथे अडत आलेत. २०२५ च्या जावा २५ मध्ये मात्र नुसतं व्हॉइड मेन लिहून, क्लास न लिहितासुद्धा, छोटा प्रोग्राम चालतो. पुढच्या शिकाऊंचं नशीब म्हणायचं.

माझा खाते क्लास चालायला लागला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, जमा मेथडला उणे पाचशे दे. दिले. शिल्लक पाचशेनं कमी झाली, आणि तीही काढा मेथडच्या सगळ्या तपासण्या चुकवून! आमच्याकडे कुणी भरणा स्लिपवर उणे रक्कम लिहून आणली तर कॅशियर हसून परत पाठवेल. कॉम्प्युटर हसत नाही, त्याला सांगावं लागतं. शून्य किंवा त्याखाली रक्कम आली तर एक्सेप्शन फेकायचं, म्हणजे चूक झाल्याचं सांगून काम तिथेच थांबवायचं, ती अट मी तेव्हा लिहिली. दरवाजा बांधला म्हणून भागत नाही, दारात कुणीतरी बसवावंही लागतं, हे तू न बोलता दाखवलंस.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेफरन्सवर, म्हणजे नाव ऑब्जेक्टकडे कसं बोट दाखवतं त्यावर. खाते अ तयार केलं, मग लिहिलं ब बरोबर अ. ब मध्ये शंभर जमा केले आणि अ ची शिल्लकही शंभरनं वाढली. मला वाटलं प्रोग्राम बिघडला. तू वहीच्या मागच्या पानावर एकच चौकोन काढलास, त्यात शिल्लक लिहिलीस, आणि त्याच्याकडे जाणारे दोन बाण काढून एकावर अ, दुसऱ्यावर ब लिहिलंस. खातं एकच, नावं दोन. न्यू हा शब्द जितक्या वेळा चालेल तितके नवे चौकोन, बाकी सगळे बाण. आजही काही अडलं की मी चौकोन आणि बाण काढत बसते, त्याशिवाय डोकं चालत नाही.

त्याच चित्रातून तू स्ट्रिंगचा सापळा उलगडलास. कोडमध्ये दोन ठिकाणी सातारा असं अवतरणचिन्हांत लिहिलं आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली, तर उत्तर खरं येतं, कारण जावा असा लिहिलेला मजकूर एकदाच साठवते आणि दोन्ही बाण तिकडेच वळवते. तोच सातारा प्रोग्राम चालू असताना कीबोर्डवरून टाइप केला की नवा चौकोन तयार होतो आणि तुलना खोटी ठरते. दोन बरोबरची चिन्हं विचारतात बाण एकाच चौकोनाकडे जातात का. आतला मजकूर सारखा आहे का, हे विचारायला इक्वल्स लागतं. इंटिजर, म्हणजे पूर्णांकाच्या, ऑब्जेक्टचं तर आणखीच विचित्र: तशीच तुलना १२७ ला खरी आणि १२८ ला खोटी, कारण उणे १२८ ते १२७ एवढे आकडे जावा आधीच तयार करून ठेवते. हा प्रकार तू मुद्दाम माझ्याकडून करवून घेतलास आणि माझा चेहरा बघून हसत सुटलीस, ते मी विसरलेले नाही.

पैशांचं मात्र मला तुझ्याआधी खटकलं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज डबल या अपूर्णांकांच्या प्रकारात ०.३०००००००००००००००४ येते, हे पाहून मी सरळ म्हटलं, असली भाषा पतसंस्थेत चालायची नाही. पैशाला पैसा जुळला नाही तर आम्ही संध्याकाळी घरी जात नाही. तू समजावलंस की दोष जावाचा नाही, दशांशातला ०.१ द्विमानात नेमका मांडताच येत नाही. हिशोबाला बिगडेसिमल हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार घ्यायचा, आणि त्याला आकडा अवतरणचिन्हांत द्यायचा, नाहीतर तीच घाण आत शिरते. किंवा सगळा हिशोब रुपयांऐवजी पूर्ण पैशांत, लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात. आणि पूर्णांकांचा भागाकार तर मुळात शेपूटच तोडतो: व्याजदर ९ भागिले १०० याचं उत्तर शून्य. वर्षभर व्याज शून्य निघालं असतं आणि प्रोग्राम एकदाही कुरकुरला नसता. कुरकुरणारा प्रोग्राम परवडला.

कुरकुरीचं वाचनही तूच शिकवलंस. ज्या नावाचा बाण कुठेच जात नाही (त्याला नल म्हणतात) त्याला काम सांगितलं की नल पॉइंटर एक्सेप्शन येतं. ते आलं की स्क्रीन लाल अक्षरांनी भरून जायची आणि मी खिडकी बंद करायचे. तू म्हणालीस, आधी पहिली ओळ वाच, मग खाली तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांब, बाकीचं वाचायचं नाही. नल ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली आणि २००९ मध्ये स्वतःच तिला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हेही तुझ्याकडूनच कळलं. अलीकडच्या जावात संदेशातच लिहून येतं की नेमकं काय नल होतं. पण ते वाचणार कोण? या सगळ्यात तू कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीस. मूल कडेवर, एका हातात फोन, स्क्रीनवर माझा कोड दिसतोय, चुकलेला सेमीकोलन दिसतोय, आणि तू गप्प. तेव्हा राग यायचा.

इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासचा वारसा दुसऱ्याला द्यायला, तू मला फार उशिरा हात लावू दिलास. माझी तर घाई होती: खाते हा मूळ क्लास, त्याखाली बचत खाते, पिग्मी (रोजची अल्पबचत), मुदत ठेव. कागदावर झकास दिसत होतं. तू विचारलंस, मुदत ठेवीला काढा मेथड मिळणार, ती काय करणार? मुदतीआधी कुणी त्यातून हजार रुपये काढायला आलं तर? मी म्हटलं, एक्सेप्शन फेकीन. "म्हणजे ज्यानं खातं समजून वापरलं त्याची फसगत," तू म्हणालीस. मूळ प्रकार जिथे चालतो तिथे त्याचा उपप्रकार ठेवला तर वापरणाऱ्याचं काही बिघडता कामा नये, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व, आणि मला ते कळलं आमच्या ठेव पावतीवरून. शेवटी काढा मेथड खात्यातून उचलली, तिचा वेगळा इंटरफेस, म्हणजे करता येणाऱ्या कामांचा नुसता करार, केला आणि ज्या खात्यातून रोज पैसे काढता येतात त्यांनाच तो दिला.

महिनाअखेरचं व्याज मात्र या मांडणीनं इतकं सोपं झालं की मला खरंच वाटेना. आधी माझ्याकडे बचत असेल तर असं, पिग्मी असेल तर तसं, अशी जर-तरची रांग होती. आता सगळ्या खात्यांवरून एकामागून एक फिरणारा एक लूप जातो आणि प्रत्येकाला एवढंच सांगतो, तुझं व्याज सांग. ज्याचं त्याला ठाऊक. नंतर आवर्त ठेव वाढवली तेव्हा लूपमधलं एक अक्षर बदलावं लागलं नाही. क्लास आणि ऑब्जेक्टची ही सगळी कल्पना १९६० च्या दशकात ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी सिम्युला भाषेत आणली, खऱ्या जगातल्या व्यवस्थांची कॉम्प्युटरवर नक्कल करता यावी म्हणून. पतसंस्थेला ती इतकी चपखल बसते यात मग नवल काय.

आता आमच्याकडे सॉफ्टवेअरवाले येतात तेव्हा साहेब मला बोलावतात. मी तिथला कोड लिहीत नाही, पण हा आकडा कुठल्या मेथडनं बदलला, असं विचारते, आणि समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. याचं सगळं श्रेय तुला. दादाला वाटतं त्यानं लॅपटॉप दिला म्हणून झालं, त्याला वाटू दे.

एक वाद मात्र शिल्लक आहे. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजात होणारी कपात कुठे लिहायची? तू म्हणतेस वेगळ्या नियम क्लासमध्ये, कारण संचालक मंडळ ठराव करून दर बदलतं, आणि ठेवीचा क्लास त्यासाठी उघडायला नको. मला पटत नाही. ज्या दिवशी ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पावतीवर छापलेला असतो, नंतरचा ठराव जुन्या पावतीला लागत नाही, म्हणून तो दर त्या ठेवीच्याच ऑब्जेक्टमध्ये राहायला हवा. तुझ्या पद्धतीनं केलं तर जुन्या ठेवीदाराला नवी कपात लागेल आणि तो माझ्या काउंटरवर येऊन भांडेल, तुझ्या नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा मी दोन्ही पद्धती लिहून ठेवते. जुन्या तारखेची एक ठेव दोन्हीकडे मोडून बघू.

तुझी नणंद